व्हेंटिलेटर आले, कार्बन डायऑक्साइड कोण मोजणार?

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : सातारा व सांगली जिल्ह्यांत व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांच्या कार्बन डायऑक्साइड व रक्तातील ऑक्सिजनच्या तपासणीबाबत.

महोदय,

हे पत्र आपणा दोघांना मिळून लिहावे लागते आहे. त्याचे कारण आपणास माहीत आहे. सातारच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयाला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडले आहे. सांगलीचे वसंतदादा पाटील रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय पूर्वीपासूनच वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत. कराड, इस्लामपूर, फलटण इथली उपजिल्हा रुग्णालये, तालुक्यांची ग्रामीण रुग्णालये आणि १०८ क्रमांकाच्या गाड्या मात्र सार्वजनिक आरोग्य खात्याच्या. जतहून निघालेला पेशंट मिरजेला पोहोचेपर्यंत एका मंत्र्याच्या हद्दीतून दुसऱ्या मंत्र्याच्या हद्दीत जातो. त्याला ते कळत नाही, त्याच्या नातेवाइकांनाही नाही. आम्ही प्रश्न विचारला की एक खाते दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवते, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक झाले आहे. म्हणून दोन्ही खाती एकाच पत्रावर. आपण दोघेही आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातून निवडून आला आहात. आमचे तालुके, आमचे रस्ते आणि रात्री बाराला कुठल्या रुग्णालयात कोण भेटते, हे आपणास नव्याने सांगायला नको.

माझा प्रश्न एका ओळीचा आहे. आज रात्री आमच्या दोन जिल्ह्यांत जितकी माणसे व्हेंटिलेटरवर आहेत, त्यांपैकी किती जणांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कुणी पाहत आहे?

ऑक्सिजनबद्दल मी विचारत नाही. ऑक्सिजनचा आकडा बोटाला चिमटा लावला की दिसतो, आणि तो आता शेंबड्या पोरालाही वाचता येतो. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम काढली, आशाताई दारोदार फिरल्या, घरातल्या प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन पाहून गेल्या. पंचाण्णवच्या खाली गेले की दवाखाना गाठायचा, हे साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसले. ते काम चांगले झाले, हे मी मनापासून म्हणतो. हा चिमटा ज्यांच्या शोधातून आला, ते जपानचे ताकुओ आओयागी. १९७४ मध्ये त्यांनी त्याचे तत्त्व मांडले आणि एप्रिल २०२० मध्ये, साऱ्या जगाला त्यांच्या उपकरणाची गरज पडली त्याच महिन्यात, ते वारले. त्यांच्या उपकरणाने लाखो जीव वाचवले. पण ते उपकरण एवढेच सांगते की रक्तात ऑक्सिजन किती भरला आहे. श्वास पुरेसा चालला आहे की नाही, हे ते सांगत नाही. आपल्या खात्यांतला प्रत्येक भूलतज्ज्ञ हे जाणतो, आणि त्यांच्यामार्फत आपणही जाणता, असे मी धरून चाललो आहे.

आपण कृष्णाकाठचे राजकारण जवळून पाहिलेले आहे, म्हणून आपल्याच भागातले उदाहरण देतो. वाळवा, मिरज, पलूस भागात उसाला पाणी मुबलक मिळाले, पण निचऱ्याची सोय झाली नाही, आणि चांगली काळी जमीन क्षारपड झाली. शरीराचेही तसेच. ऑक्सिजन आत सोडणे हे पाणी देणे, आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणे हा निचरा. नळीतून भरपूर ऑक्सिजन सोडला तर बोटावरचा आकडा ९८ राहतो आणि त्याच वेळी आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. धमनीच्या रक्तात त्याचा दाब साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर असावा लागतो. तो ७०, ८०, ९० पर्यंत चढला की रक्त आम्लधर्मी होते, माणसाला गुंगी येते, मेंदूवरचा दाब वाढतो आणि शेवटी हृदय दगा देते. या सगळ्या वेळात पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा हिरवाच असू शकतो.

आता आमच्याकडे व्हेंटिलेटरवर कोण जाते ते पाहा. कोविडच्या काळात फुप्फुसे खराब झालेली माणसे होती. एरवी चित्र वेगळे असते. पावसाळ्यात मण्यार चावलेली माणसे येतात. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि मग छातीचे स्नायू हळूहळू थांबतात. विषप्रतिबंधक लस दिली तरी एकदा थांबलेले स्नायू लगेच परतत नाहीत. तोवर माणसाला यंत्राने श्वास द्यावा लागतो, कधी काही दिवस. तासगाव, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत आणि गावोगावच्या रानांत फवारणीचे औषध अंगावर किंवा पोटात गेलेली माणसे येतात. पुणे–बंगळूर महामार्गावर डोक्याला मार लागलेली तरुण पोरे येतात. जानेवारी–फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुइलेन-बॅरे आजाराचे दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले आणि त्यांतल्या कित्येकांना व्हेंटिलेटर लागला, तेव्हा हा आजार सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रोजच्या पत्रकात होता.

या रुग्णांत एक गोष्ट समान आहे. मण्यार, कीटकनाशक, गुइलेन-बॅरे यांत आधी बिघडते ती श्वासाची ताकद. फुप्फुस बहुधा निरोगी असते, पण त्याला हलवणारा स्नायू थकतो. त्यामुळे प्रथम चढतो कार्बन डायऑक्साइड, आणि ऑक्सिजन पडतो तो अगदी शेवटी. बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी उशिरा. म्हणजे ज्या रुग्णांसाठी आमच्या जिल्ह्यांतले व्हेंटिलेटर वर्षभर चालतात, त्यांच्या बाबतीत बोटाचा चिमटा सर्वांत शेवटी बोलतो. डोक्याला मार लागलेल्याचे तर दोन्हीकडून मरण आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला तर मेंदूची सूज वाढते, आणि घाबरून यंत्राचे श्वास वाढवले, तो फार उतरला, तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात व मेंदूला रक्त कमी पडते. तो आकडा न पाहता अशा पोराचा व्हेंटिलेटर कसा लावायचा, हे आपल्यापैकी कुणी मला सांगेल का?

मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे त्यात म्हटले आहे. शिराळ्याच्या नागपंचमीमुळे देशभर ओळखला जाणारा तालुका आमच्या या दोन जिल्ह्यांतलाच, सांगलीतला. दरवर्षी हंगामाला ऊसतोडीची हजारो कुटुंबे कोप्यांत जमिनीवर झोपतात. लस तालुक्यापर्यंत पोहोचली पाहिजे, हे बरोबरच आहे. पण लस देऊनही जो श्वास थांबतो, तो सांभाळण्याची काय तयारी आपण आमच्या जिल्ह्यांत केली? त्या आराखड्याची अंमलबजावणी आपल्या खात्यांनी करायची आहे. २०३० काही फार लांब नाही.

माझे चुलते, तात्या, आयुष्यभर गुऱ्हाळावर गुळव्या होते. चुलवाणाचा धूर चाळीस-एक वर्षे छातीत गेला आणि म्हातारपणी दमा म्हणता म्हणता डॉक्टरांनी त्याला सीओपीडी नाव दिले. थंडीत एकदा त्यांना फार धाप लागली म्हणून दाखल केले, नाकातोंडावर घट्ट मास्क बांधून व्हेंटिलेटरला जोडले. कोणते रुग्णालय हे मी लिहीत नाही. ते नाव लिहिले तर चौकशी तेवढ्या एका रुग्णालयाची होईल आणि प्रश्न तिथेच मिटवला जाईल. संध्याकाळी पडद्यावर ९८ होते. तात्या शांत झोपले होते. सिस्टर भल्या होत्या, पण एका खोलीत त्यांच्याकडे कितीतरी पेशंट होते, आणि ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण, एकटा, खाली अपघात विभागातही तोच. मध्यरात्रीनंतर तो आला, त्याने तात्यांना हलवून पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. धमनीतले रक्त काढून एबीजी करायला हवी म्हणाला. यंत्र तिथे होते; त्याचे कार्ट्रिज संपले होते. रक्ताची सिरिंज बर्फात ठेवून माझा चुलत भाऊ मोटारसायकलवर बाहेरच्या लॅबकडे गेला. लॅबवाल्याला उठवले. रिपोर्ट हाती आला तेव्हा फटफटले होते. कार्बन डायऑक्साइड ९० च्या वर होता. तात्या त्याच दिवशी गेले.

नंतर मी जे वाचले आणि डॉक्टरांना विचारले, त्यातून एवढे समजले की अशा जुन्या धुराच्या छातीला ऑक्सिजन ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवायचा असतो. ९८ हा आकडा त्यांच्यासाठी धोक्याचाच होता. आणि ती शांत झोप म्हणजे गुंगी होती. त्या तरुण डॉक्टरला मी दोष देत नाही. त्याच्यासमोरच्या पडद्यावर कार्बन डायऑक्साइडची रेघ असती तर त्याला ते संध्याकाळीच दिसले असते. ती रेघ त्याला का दिली गेली नाही, याचे उत्तर त्याने द्यायचे नसून आपण द्यायचे आहे.

हे ज्ञान काही काल सापडलेले नाही. ऑगस्ट १९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडच्या वाढलेल्या आकड्याचा अर्थ तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी काहीतरी गूढ अल्कधर्मी बिघाड असा लावला होता. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सांगितले की हा साचलेला कार्बन डायऑक्साइड आहे, ही माणसे पुरेसा श्वास न मिळाल्याने मरत आहेत. एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद करवून त्याने नळी घातली, हाताने फुगा दाबून श्वास दिला आणि कार्बन डायऑक्साइड उतरताना सर्वांना दाखवला. मग सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्महिने रुग्णांचे फुगे दाबले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. रक्तवायूंची तपासणी आणि आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो तो विभाग, दोन्हींचा जन्म त्या प्रसंगातला. म्हणजे आयसीयू उभा राहिला तोच कार्बन डायऑक्साइड मोजल्यामुळे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यानंतर दहा वर्षांनी, १९६२ मध्ये सुरू झाले. त्याच्याही आधी, १८९४ पासून, डॉ. वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयामुळे मिरजेला कर्नाटकापर्यंतची माणसे बरी व्हायला येत. अशा गावाच्या परिसरात २०२० नंतरही एखाद्या घरच्या माणसाला रक्ताची सिरिंज घेऊन रात्री लॅब शोधावी लागत असेल, तर आपण याला काय म्हणाल?

धमनीतून रक्त काढून केलेली तपासणी त्या क्षणाचे नेमके चित्र देते. दोन तपासण्यांच्या मधल्या तासांत काय झाले ते ती सांगत नाही. त्यासाठी कॅप्नोग्राफ लागतो. व्हेंटिलेटरच्या नळीला जोडलेला छोटा संवेदक प्रत्येक उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतो आणि पडद्यावर त्याची लाट काढतो. रक्तातल्या आकड्यापेक्षा हा आकडा निरोगी छातीत थोडासा कमी असतो. फुप्फुसे खराब असतील तर दोन्हींतले अंतर वाढते, म्हणून एबीजी टाळता येत नाही. दोन्ही हवेत. पण कॅप्नोग्राफचा सर्वांत मोठा उपयोग दुसऱ्याच जागी आहे. नळी श्वासनलिकेत आहे की चुकून अन्ननलिकेत गेली किंवा उपसून आली, हे तो काही श्वासांत सांगतो. लाट नाही म्हणजे नळी जागेवर नाही. बोटाचा चिमटा हेच सांगायला कित्येक मिनिटे घेतो, कारण आधी दिलेला ऑक्सिजन शरीरात शिल्लक असतो. ब्रिटनमध्ये २०११ साली श्वासमार्गाच्या दुर्घटनांची देशभर तपासणी झाली. आयसीयूमध्ये मृत्यू किंवा मेंदूला कायमची इजा झालेल्या घटनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश घटनांत कॅप्नोग्राफ नसणे हे एक कारण निघाले. त्यानंतर तिथे याबद्दल वाद उरला नाही. आपल्या देशातही ऑपरेशन थिएटरात भूल देताना कॅप्नोग्राफी हवीच, हे भूलतज्ज्ञांच्या संघटनेने केव्हाच मान्य केले आहे. तासाभराच्या ऑपरेशनसाठी जे अत्यावश्यक, ते आठवडाभर व्हेंटिलेटरवर पडलेल्या माणसासाठी ऐच्छिक कसे?

आणि हीच गोष्ट गाडीत सर्वांत जास्त लागते. आमच्याकडे पेशंट एका जागी राहत नाही. कोयनेच्या खोऱ्यातून कराडला, दहिवडीहून साताऱ्याला, जतहून मिरजेला, आणि तिथून कधी कोल्हापूर-पुण्याला असा तो पुढे पाठवला जातो. खड्डा आला, स्ट्रेचर उतरवला, गाडी बदलली की नळी हलते. २०१४ मध्ये १०८ ची सेवा सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या आल्या; त्यांतल्या २३३ प्रगत, म्हणजे व्हेंटिलेटर असलेल्या. आमच्या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला आलेल्या प्रगत गाड्यांपैकी किती गाड्यांत कॅप्नोग्राफ आहे? आवाज, हादरे, अंधार यांत छातीला स्टेथोस्कोप लावून नळी जागेवर आहे की नाही हे ओळखा, असे आपण त्या डॉक्टरला सांगणार आहात काय?

आता पैशाचा मुद्दा, कारण तो आपण मांडालच. मे २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून ५०,००० व्हेंटिलेटरसाठी २,००० कोटी रुपये जाहीर झाले. म्हणजे एका व्हेंटिलेटरमागे सरासरी चार लाख. त्या काळात केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मिळाले. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर जे आले ते आपण वाचलेच असेल. वापरायला काढलेल्या ११३ यंत्रांत दोष निघाले, आणि यंत्रावर असताना रुग्णांचा ऑक्सिजन पडतो, अशी तिथल्या डॉक्टरांचीच तक्रार होती. केंद्राने दोष वापरणाऱ्यांवर ढकलू पाहिला आणि खंडपीठाने त्याबद्दल कान उपटले. त्या डॉक्टरांना तो दोष ओळखता आला, कारण ते मोठ्या महाविद्यालयात होते. तशीच यंत्रे जिथे एक डॉक्टर आणि दोन सिस्टर होत्या अशा ठिकाणी गेली असतील, तिथे ते कुणी ओळखले असते? आमच्या दोन जिल्ह्यांना त्या काळात मिळालेल्या व्हेंटिलेटरची एक-एक करून तपासणी झाली का? झाली असेल तर तो अहवाल लोकांपुढे का नाही?

चार लाखांच्या यंत्राला कार्बन डायऑक्साइडचा संवेदक जोडायला त्या मानाने थोडका खर्च येतो. पण मला खात्री आहे की प्रश्न खरेदीच्या रकमेचा नाहीच. यंत्रे घेतली जातात, फीत कापली जाते, फोटो येतात. त्यानंतर लागते ते रोजचे सामान : कॅप्नोग्राफची बारीक नळी, जिच्यात ओल साठली की ती बदलावी लागते, एबीजीचे कार्ट्रिज, जे मुदतीत संपवावे लागते आणि मागणी वेळेवर गेली नाही तर महिनोन्महिने येत नाही, संवेदकाचे कॅलिब्रेशन. या सगळ्यासाठी २०२३ मध्ये आपण कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभे केले. विलंब संपेल, असे तेव्हा सांगितले. त्याही आधी राष्ट्रीय आरोग्य अभियानात उपकरणांच्या देखभालीची योजना आली, जिल्हा रुग्णालयातली उपकरणे ९५ टक्के वेळ चालू राहतील असे तिचे उद्दिष्ट होते. उद्दिष्ट आपण ठरवले, म्हणून हिशेबही आपणच द्यावा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मागच्या वर्षी एबीजीचे यंत्र किती दिवस सामानाअभावी बंद होते?

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार पूर्ण मोफत, अशी घोषणा झाली. लोकांनी ती मनापासून मानली. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात नव्हती, हे बहुतेकांना आजही ठाऊक नाही. आणि ज्या रुग्णालयांत ती लागू आहे, तिथेही रात्री बाहेरच्या लॅबचे पैसे नातेवाइकाच्याच खिशातून जातात. रुग्णालयातली तपासणी मोफत, पण रुग्णालयात ती होतच नाही. मग ती घोषणा नेमकी कुणासाठी होती? शिवाय धमनीचे रक्त अर्ध्या तासात तपासले नाही, सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, तर आकडेच खोटे येतात. म्हणजे पैसे आमचे जातात आणि जे हाती येते त्याच्यावर डॉक्टरला विसंबताही येत नाही.

माणसांबद्दल थोडेच लिहितो, कारण कॅगने २०२४ च्या अहवालात डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ यांच्या रिक्त पदांबद्दल जे म्हटले आहे ते विधिमंडळासमोर आलेलेच आहे. मला एवढेच विचारायचे आहे की लाट सपाट झाली किंवा आकडा चढला, तर अलार्म ऐकून तो काय आहे हे ओळखणारी एक तरी सिस्टर प्रत्येक पाळीत असावी, एवढे प्रशिक्षण किती दिवसांचे आणि किती खर्चाचे? मिरजेच्या महाविद्यालयात भूलशास्त्राचा विभाग आहे. त्यांनी दर महिन्याला एका तालुक्याचे पथक शिकवले तरी दोन्ही जिल्हे दोन वर्षांच्या आत पुरे होतील. हे कुणी त्यांना सांगितले आहे का? मलावीसारख्या आपल्याहून कितीतरी गरीब देशात सरकारी रुग्णालयांना कॅप्नोग्राफ देऊन, तिथल्या लोकांना शिकवून, चुकीच्या जागी गेलेल्या नळ्या वेळेत ओळखल्या जाऊ लागल्या. आम्ही महाराष्ट्रात राहतो.

खासगी रुग्णालयांकडे वळतो, कारण आमची निम्मी माणसे तिथे जातात. तिथेही पैसा पुष्कळदा शासनाचाच असतो. जून २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण पाच लाखांपर्यंत आणि सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय झाला. योजनेत रुग्णालय घेताना आपण खाटा, पदव्या, परवाने पाहता. व्हेंटिलेटरच्या प्रत्येक खाटेला कॅप्नोग्राफ आणि आवारातच चोवीस तास एबीजी, ही अट का नाही? २०२१ च्या उन्हाळ्यात मिरजेतल्या एका खासगी कोविड रुग्णालयातल्या मृत्यूंबद्दल पोलिसांनी गुन्हा नोंदवून तिथल्या डॉक्टरला अटक केली होती. पुरेशा सुविधा नसताना रुग्ण घेतले, असा आरोप होता. आरोपाचे काय ते न्यायालय ठरवील. पण त्या रुग्णालयाला परवानगी देताना तिथल्या व्हेंटिलेटरजवळ काय आहे आणि काय नाही, हे शासनाच्या कुठल्या अधिकाऱ्याने जाऊन पाहिले होते?

कोविडच्या त्या वर्षात सातारा आणि सांगली पुष्कळ सोसून गेले. ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला राज्यातले बहुतेक जिल्हे मोकळे झाले, तेव्हा निर्बंधांत राहिलेल्या ११ जिल्ह्यांत आमचे दोन्ही होते. त्या महिन्यांत व्हेंटिलेटरवर गेलेली किती माणसे परतली, किती नाही, आणि न परतलेल्यांपैकी किती जण आजाराने गेले व किती जण श्वास नीट सांभाळला न गेल्याने, याचा हिशेब रुग्णालयांच्या कागदांत आजही असला पाहिजे. केसपेपर जाळले गेले नसतील तर तो काढता येईल. ज्या घरांतली माणसे गेली, त्यांना तो मागण्याचा हक्क आहे. दोषी शोधून शिक्षा करा, असे मी म्हणत नाही. पुढच्या वेळी काय बदलायचे हे त्या कागदांतूनच कळेल. चार वर्षे उलटून गेली. एक तरी समिती बसली का, की जिने या दोन जिल्ह्यांचे व्हेंटिलेटरवरचे मृत्यू एकेक करून पाहिले?

ऑक्टोबर २०२१ मध्ये ६४,१८० कोटींची आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा योजना सुरू झाली. ६०२ जिल्ह्यांत अतिदक्षता रुग्णालय-विभाग बांधायचे, असे तेव्हा ठरले. इमारती होतील, व्हाव्यातच. पण इमारत पूर्ण होईपर्यंत आज खाटेवर असलेल्या माणसाने थांबावे, असे कुणी म्हणू शकत नाही. आणि नव्या इमारतीतही पडद्यावर फक्त ऑक्सिजनच दिसणार असेल, तर जुन्या खोलीत आणि त्या इमारतीत रुग्णाच्या दृष्टीने फरक तो काय पडेल?

म्हणून माझी मागणी अशी. सातारा व सांगली जिल्ह्यांतल्या प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या दर्शनी भागात, दाखल रुग्णांच्या नातेवाइकांना वाचता येईल अशा ठिकाणी, एक फलक लावावा. त्यावर चालू व्हेंटिलेटर किती, त्यांतल्या कितींना कॅप्नोग्राफ जोडलेला आहे, एबीजीचे यंत्र या क्षणी चालू आहे की बंद, बंद असेल तर कधीपासून आणि कुणाकडे मागणी गेली आहे, हे दर आठवड्याला लिहावे. १०८ च्या प्रगत गाड्यांची हीच माहिती जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात लावावी. जन आरोग्य योजनेतल्या खासगी रुग्णालयांनाही ही सक्ती करावी. नव्या खरेदीत कार्बन डायऑक्साइड मोजण्याची सोय नसलेला एकही व्हेंटिलेटर घेऊ नये, आणि जुन्यांना तो संवेदक कोणत्या रुग्णालयात कोणत्या तारखेपर्यंत जोडला जाईल, याची रुग्णालयनिहाय यादी आपण दोघांनी सही करून प्रसिद्ध करावी.

मृग लागला की मण्यारीचे पेशंट येऊ लागतील. ती यादी त्याआधी हवी आहे. यादीत ज्या रुग्णालयापुढे तारीख नसेल, तिथे ती का देता आली नाही, तेही लिहा. उत्तर एका खात्याने दिले आणि दुसऱ्याने नाही, असे कृपया करू नये.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक नागरिक